सगळ्या गोळ्या नाश्त्याबरोबर एकदम दिल्या तर चालेल का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकरोडला राहणारे तुमचे ७४ वर्षांचे वडील थायरॉइडची, शुगरची, बीपीच्या दोन आणि रात्री कोलेस्टेरॉलची गोळी घेतात. गुडघा दुखला की दुकानातून आणलेली दुखण्याची गोळीही चालू असते. शेवटी सगळं पोटातच जातं, मग एक उपाशीपोटी, एक जेवणानंतर, एक दिवसातून एकदा नि एक तीनदा असं का? त्यात शौचातून अख्खी गोळी पडली म्हणून तुम्ही घाबरलात, आणि कुणीतरी द्राक्षं बंद करायला सांगितलं.

मी पंचवटीत तीस वर्षं केमिस्टच्या काउंटरवर उभा आहे. हा प्रश्न रोज येतो आणि गर्दीत त्याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

सुरुवात माझ्याच घरापासून करतो. आईला थायरॉइडची गोळी लागली तेव्हा ती चहाच्या पहिल्या घोटाबरोबर ती घ्यायची. शेजारी स्टीलच्या वाटीत कॅल्शियमची मोठी पांढरी गोळी काढून ठेवलेली असायची, ती लगेच मागून. टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा, थायरॉइड कमी पडलं की हा चढतो) काही उतरेना. डोस ५० मायक्रोग्रॅमवरून ७५ झाला, मग १००. दिवसभर लोकांना गोळ्या समजावून देणारा मी, पण आईची वाटी माझ्या नजरेत आली नाही. एका रविवारी सकाळी ओट्याजवळ उभा होतो तेव्हा पाहिलं. मग गोळी पहाटे नुसत्या पाण्याबरोबर, चहा तासाभराने आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर असं केलं. दोन महिन्यांनी टीएसएच इतका खाली आला की डॉक्टरांनी डोस परत कमी केला. त्या वर्षभरात ती जिना चढताना मध्येच बसायची, ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

तर पहिली गोष्ट ही, की गोळी पोटात गेली म्हणजे अंगात गेली असं नाही. बहुतेक औषधं जठरात नाही, लहान आतड्यात शोषली जातात. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटीसुद्धा साधारण ६० ते ८० टक्केच शोषली जाते. चहा-कॉफीने आणि खाण्याने ती आणखी घटते, आणि कॅल्शियम किंवा लोह तर तिला आतड्यातच धरून ठेवतं. म्हणून त्या दोन गोळ्यांत चार तासांचं अंतर लागतं. काही अँटिबायोटिक दुधाबरोबर घेऊ नका म्हणतात, तेही याच कारणाने. उलट शुगरची मेटफॉर्मिन जेवणाबरोबर देतात, कारण रिकाम्या पोटी मळमळ आणि जुलाब जास्त होतात.

शौचातून पडलेलं ते गोळीचं टरफल आहे. मेटफॉर्मिनच्या एसआर गोळीतलं औषध हळूहळू पाझरून निघून जातं आणि मऊ झालेलं कवच तसंच बाहेर पडतं. औषध वाया गेलेलं नाही. मात्र ती गोळी कुटून किंवा चावून देऊ नका, नाहीतर दिवसभराचा डोस एकाच वेळी सुटतो. गिळायला जड जात असेल तर डॉक्टरांना सांगा, दुसरा प्रकार मिळतो.

आतड्यातून शोषलेलं औषध थेट हृदयाकडे जात नाही, आधी लिव्हरमध्ये जातं. जकात नाका समजा. काही औषधांचा इतका मोठा वाटा तिथेच कापला जातो की उरलेलं पुरत नाही. छातीत दुखलं की सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायला सांगतात ते यासाठीच. जिभेखालून ते थेट रक्तात उतरतं, नाका चुकतो, आणि मिनिटांत काम सुरू होतं.

द्राक्षांचं आता स्पष्ट सांगतो, कारण आपल्या जिल्ह्यात हा गैरसमज फार आहे. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांच्या माहितीपत्रकात 'ग्रेपफ्रूट टाळा' असं असतं. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे, ते पपनसाच्या नात्यातलं लिंबूवर्गीय फळ. १९८९ च्या सुमारास कॅनडात एका अभ्यासात दारूची चव झाकायला त्याचा रस दिला होता, आणि बीपीच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण अनपेक्षितपणे वाढलेलं सापडलं. आतड्याच्या अस्तरात औषध मोडणारं एक एन्झाइम असतं, त्याला तो रस निकामी करतो. पिंपळगावच्या द्राक्षांचा त्याच्याशी काही संबंध नाही. शुगर आहे म्हणून किती खायची ते डॉक्टरांना विचारा, पण बीपीच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळीसाठी बंद करू नका.

आता दिवसातून एकदा की तीनदा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण नाशिककर क्युसेकच्या आधी काय विचारतो? गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं! औषधाचंही तसंच. गोळी किती मिलिग्रॅमची याइतकंच रक्तातली पातळी कुठे उभी आहे हे महत्त्वाचं. फार खाली असेल तर गुण नाही, फार वर गेली तर त्रास. ही पातळी निम्मी व्हायला जो वेळ लागतो त्याला हाफ-लाइफ म्हणतात. पॅरासिटामॉलचा तो दोन-तीन तासांचा, म्हणून ताप असला की चार-सहा तासांनी पुन्हा द्यावं लागतं. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनचा ३० ते ५० तासांचा, म्हणून रोज एक पुरते. थायरॉइडच्या गोळीचा तर जवळजवळ सात दिवसांचा.

यातून दुसरी गोष्ट निघते. रोज गोळी घेत राहिलं की आवक आणि विसर्ग सारखे व्हायला साधारण पाच हाफ-लाइफ लागतात. अ‍ॅम्लोडिपिनला आठवडाभर किंवा थोडं जास्त, थायरॉइडला पाच-सहा आठवडे. डोस बदलल्यावर टीएसएच दीड-दोन महिन्यांनी का करायला सांगतात, ते यावरून कळेल. आमच्याकडे एक काका यायचे, त्यांनी 'तीन दिवसांत बीपी उतरलं नाही' म्हणून स्वतःच दोन-दोन गोळ्या सुरू केल्या. दहाव्या दिवशी सुजलेले पाय घेऊन आले. पहिल्या गोळ्यांची रक्तातली पातळी अजून चढतच होती, त्यात त्यांनी आणखी सोडलं.

पण मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी वाटली ती दुखण्याच्या गोळीची. औषध बाहेर जाण्याच्या मुख्य वाटा दोन, लिव्हर आणि किडनी. मेटफॉर्मिन लिव्हरमध्ये मोडतच नाही, जशी आली तशी लघवीतून जाते. किडनी मंदावली की ती साठते. म्हणून ई-जीएफआर (किडनी किती गाळते याचा रिपोर्टमधला अंदाज) ३० च्या खाली गेला तर ती बंद करतात.

आणि इथे रिपोर्ट फसवतो. क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) १.१, शेजारी 'नॉर्मल', घरचे निश्चिंत. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, म्हातारपणी स्नायूच कमी, त्यामुळे आकडा चांगला दिसतो. किडनी मिनिटाला किती रक्त साफ करते ते काढायचं, १९७६ पासून वापरात असलेलं एक सूत्र आहे: १४० मधून वय वजा करा, किलोतल्या वजनाने गुणा, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. बाईमाणूस असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा. तीस वर्षांचा, ७० किलोचा मुलगा, क्रिएटिनिन १.१: उत्तर मिनिटाला साधारण ९७ मिलिलिटर. ७४ वर्षांचे, ५२ किलोचे आजोबा, तेच १.१: साधारण ४३. आकडा एकच, पण विसर्ग निम्म्याहून कमी.

अशा किडनीवर डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी पडली की किडनीकडे येणारं रक्त कमी होतं. बीपीची टेल्मिसार्टन असेल तर किडनीतला दाब आधीच उतरलेला असतो. तिच्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असेल आणि एप्रिल-मेच्या उन्हात पाणी कमी प्यायलं गेलं, तर चार-आठ दिवसांत किडनी बसू शकते, आणि मग मेटफॉर्मिनही आत अडकते. दुखण्याच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉलही मिसळलेलं असतं, वर सर्दीची गोळी घेतली तर ते दुप्पट जातं. त्याचा थोडा भाग लिव्हरमध्ये विषारी होतो. एरवी लिव्हर तो लगेच निकामी करतं, पण डोस फार झाला की त्यासाठी लिव्हरला लागणाऱ्या द्रव्याचा साठा संपतो.

तेव्हा ती दुकानातली गोळी आजपासून थांबवा आणि गुडघ्यासाठी डॉक्टरांनाच विचारा. बाकी चिठ्ठीतल्या गोळ्या मनाने बंद करू नका. थायरॉइडची पहाटे पाण्याबरोबर, नाश्ता अर्ध्या-एक तासाने, मेटफॉर्मिन जेवणाबरोबर, बीपीच्या रोज ठरल्या वेळी. भेटायला जाताना चिठ्ठीबरोबर घरातल्या सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून न्या, चूर्ण-काढे आणि शेजाऱ्यांनी दिलेल्या गोळ्यासुद्धा. बाबांचं आजचं वजन आणि शेवटचं क्रिएटिनिन कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. रिपोर्ट सहा महिन्यांहून जुना असेल तर या आठवड्यातच नवीन करून घ्या. आणि लघवी कमी झाली, पाय सुजले किंवा उलट्या सुरू झाल्या, तर आठवडा संपायची वाट बघू नका, त्याच दिवशी घेऊन जा.