भाजी आळू दे, मग मीठ

चिपळूणला बदली होऊन आलेल्या एका नागपूरकर ताईंचा प्रश्न आहे. घरमालकीण काकू त्यांना लाल माठाची भाजी शिकवत होत्या. मिठाच्या बरणीकडे हात जाताच काकू म्हणाल्या, "आत्ता नको, आळू दे आधी." ताईंनी त्याचा अर्थ 'अळणी राहू दे' असा घेतला, मीठ घातलंच नाही आणि भाजी पानात तशीच उरली. त्या विचारतात: आळणे आणि अळणी एकाच घरातले शब्द का? भाजी आळते की आटते? आणि शेवग्याच्या पाल्याच्या वेळी काकू 'आळू दे' म्हणाल्या नाहीत, 'वाफ येऊ दे' म्हणाल्या, तो फरक मुद्दाम होता का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दोन्ही शब्द वेगळे. अळणी हा संस्कृत 'अलवण'वरून आला, म्हणजे लवण नसलेला. हिंदीतला 'अलोना' त्याचाच भाऊ. तेच लवण आपल्या लोणच्यातही आहे. आळणे हे मात्र क्रियापद आहे आणि त्याचा मिठाशी काही संबंध नाही. घोटाळा होतो तो उच्चारामुळे. बरेच जण अळणीला सर्रास 'आळणी' म्हणतात, देशावर मटणाचं 'आळणी पाणी' म्हणतात (त्यात मीठ असतं, तिखट नसतं). त्यामुळे 'आळू दे' कानावर पडलं की मिठाचाच विचार आधी येणार. ताईंची चूक अगदी समजण्यासारखी आहे.

आता आळणे. हे माझं फार लाडकं क्रियापद आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

लोखंडी कढईत तेलावर ठेचलेली लसूण आणि सुकी मिरची परतली, कांदा घातला आणि वर चिरलेला माठ शिगोशीग रचला. झाकण ठेवायला जावं तर ते पाल्यावर तरंगतं. दोनेक मिनिटांत कडेने चुरचुर ऐकू येते, खालची पानं काळपट-जांभळी होतात. कालथ्याने खालचं वर केलं की ढीग खचतो, झाकण आपोआप कढईला टेकतं आणि तळाशी लालभडक पाणी दिसायला लागतं. चार वाट्या पाला होता, तो आता वाटीभर उरतो. याला म्हणायचं भाजी आळली.

ताज्या माठात शंभरात नव्वदएक भाग पाणी असतं. पानाच्या पेशी त्या पाण्याने टिच्च भरलेल्या असतात, म्हणून पान ताठ उभं राहतं. उष्णतेने पेशींचं आवरण तुटतं, पाणी बाहेर येतं, पानातली हवा निघून जाते आणि पान स्वतःतच गोळा होतं. आता ढीग बघून चमचाभर मीठ घातलं की काय होणार ते उघड आहे: पाला वाटीभर झाला, मीठ मात्र तेवढंच राहिलं. पालेभाजी न आवडणाऱ्या कितीतरी जणांनी आयुष्यभर खारट भाजीच खाल्लेली असते, असं माझं ठाम मत आहे. काकूंच्या त्या दोन शब्दांत मिठाचं सगळं माप आलं.

आटणे वेगळं. आटतं ते पाणी. विहीर आटते, नदी आटते, बासुंदीसाठी दूध आटवतात. आळलेल्या भाजीला सुटलेलं पाणी पुढे झाकण काढून आटवायचं असतं. म्हणजे भाजी आधी आळते, मग तिचं पाणी आटतं, हा क्रम आहे. धुतल्यावर सदरा आटला असंही आपण म्हणतो, तिथे अर्थ आकसण्याचा. त्यामुळे कुणी 'भाजी आटली' म्हटलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही. पण चुलीपुढे उभ्या असलेल्या माणसाला हे दोन टप्पे वेगळे सांगायचे असतात, आणि भाषेने त्यासाठी दोन शब्द दिलेत, तर ते वापरावेत. 'भाजी बसली' असंही ऐकू येतं, पण त्यात फक्त उंची कमी झाल्याचं कळतं.

आळण्याचा दुसरा अर्थ घट्ट होण्याचा. कोकणात तो कुळथाच्या पिठीवर रोज भेटतो. पिठी चुलीवरून जरा पातळच उतरवायची, कारण गार होताना ती आळते. रस्सा 'आळून येतो' तो याच अर्थाने. पाला आकसतो आणि पिठी दाटते, वरवर दोन वेगळ्या गोष्टी. पण दोन्हीकडे पदार्थ पसरलेला असतो तो एकत्र येतो, अंग धरतो. बाजारातून आणलेली जुडी उन्हाने मलूल झाली तर तिला मी आळली म्हणणार नाही. ती सुकली, कोमेजली. आळायला माझ्या कानाला चूल लागते. देवाला आळवतात किंवा राग आळवतात ते आळवणे मात्र निराळं, ते इथे आणू नये.

टाकळा या पावसाळी रानभाजीचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पहिला पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत रस्त्याकडेला तो उगवतो. गोव्याकडे त्याला तायकिळो म्हणतात. संध्याकाळ झाली की त्याची पानं जोडीजोडीने मिटतात. तिथे शब्द मिटणे, कारण सकाळी ती परत उघडणार. आळलेलं पान परत उघडत नाही. लहानपणी त्याच्या उग्र वासाने मी पानावरून उठायचो. आवडायला लागला तो फणसाच्या आठळ्यांमुळे. आई आठळ्या ठेचून आधी शिजवून घ्यायची, वर कोवळा टाकळा आळू द्यायची, मग मीठ आणि शेवटी मूठभर ओलं खोबरं. आठळीचा पिठूळ गोडवा आणि टाकळ्याची कडसर चव एका घासात आली की वासाचं काही वाटत नाही. ताई, जूनच्या अखेरीस बाजारात वाटे मांडलेले दिसतील. शेंडे कोवळे बघून घ्या, जून पान चरबट लागतं.

राहिला शेवग्याचा पाला. सिंधुदुर्गात हा शेगलाचा पाला, गोकुळाष्टमीला आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर याची भाजी हवीच. पान एवढंसं, पातळ, आणि पाणी शंभरात 79च्या आसपास, म्हणजे माठापेक्षा बरंच कमी. कढईत तो माठासारखा खचत नाही, पाणी सोडत नाही, उलट तळाला धरतो. म्हणून त्यावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवतात आणि झाकणावर पाणी ओततात. जो पाला फारसा आळतच नाही त्याला काकू 'आळू दे' कशाला म्हणतील? तिथे वाट बघायची ती वाफेची, आणि त्यांनी तोच शब्द वापरला.