आयर्लंडचा इतिहास नव्याने वाचताय? आधी जमीन बघा

विषय छान निवडलात. फक्त उत्तर आयर्लंडमधल्या १९६९ च्या कॅथलिक-प्रोटेस्टंट दंगलींपासून सुरुवात करू नका, या भांडणाचं मूळ जमिनीत आहे. १६०९ पासून अल्स्टरमधली (आयर्लंडचा उत्तरेकडचा प्रांत) आयरिशांकडून जप्त केलेली जमीन इंग्लिश-स्कॉटिश प्रोटेस्टंटांना वाटली गेली. मग १७०४ चा कायदा नीट समजून घ्या: कॅथलिक बापाची जमीन सगळ्या मुलग्यांत सारखी वाटायची, पण थोरला प्रोटेस्टंट झाला तर वारस तो एकटाच. म्हणजे एकतर शेताचे तुकडे, नाहीतर घरात फूट!

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- राष्ट्रवादी (ब्रिटिश सत्तेला विरोध करणारे) म्हणजे कॅथलिकच, असं धरून चालणं. १७९८ च्या ब्रिटिशविरोधी उठावामागचा नेता वुल्फ टोन प्रोटेस्टंट होता.
- अल्स्टर म्हणजेच उत्तर आयर्लंड समजणं. १९२१ च्या फाळणीत अल्स्टरच्या नऊपैकी सहाच काउंट्या (जिल्हे) उत्तर आयर्लंडमध्ये गेल्या.

होमरूलची (आयर्लंडला स्वतःचा कारभार देण्याची) विधेयकं सध्या बाजूला ठेवा.