आप्पांच्या मांडीवरचा बोका

गेल्या अंकात माझ्या ठकी या मांजरीविषयी दोन ओळी काय लिहिल्या, टपालाचा नूरच पालटला. सासू-सून, नवरा-बायको मागे पडले आणि मांजरांची पत्रं येऊ लागली. त्यातली तीन घेतली आहेत. पहिल्या पत्राने मला दोन दिवस स्वस्थ बसू दिलं नाही, म्हणून त्याला जागाही जास्त.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. साखर कारखान्यात टाइमकीपर होते. आम्हा दोघा भावंडांना त्यांनी कधी मांडीवर घेतल्याचं मला आठवत नाही. दहावीला शाळेत पहिली आले तेव्हा पेढ्यांचा पुडा आणला, ओट्यावर ठेवला आणि पेपर वाचत बसले. गेल्या पावसाळ्यात कान फाटलेला एक बोका घरात शिरला. आप्पांनी त्याचं नाव ठेवलं बाळ्या. दिवाळीत मी माहेरी गेले, बॅग घेऊन दारात उभी, आणि आप्पा खुर्चीतूनच हाताने खूण करतात, "हळू, झोपलाय तो." उठले नाहीत. आई म्हणते, चाळीस वर्षांत माझ्याशी बोलले नसतील एवढं त्या बोक्याशी महिन्याभरात बोललेत. सगळे हसले. मीही हसले, आणि मग न्हाणीघरात जाऊन रडले. ४२ वर्षांच्या बाईने बोक्याचा हेवा करावा का? आणि पोटच्या पोरांत दिसलं नाही असं माणसांना मांजरात दिसतं तरी काय? (एक लेक, सांगली जिल्हा)

उत्तर : हेवा करा, खुशाल करा. तुमच्या वाटणीचं होतं ते बाळ्याला मिळालं, असं वाटलं तर त्यात वेडगळ काही नाही. "वडील आहेत, जाऊ दे" असं तुम्हाला सांगणारे घरात पुष्कळ असतील, त्यांच्यात माझी भर नको.

मांजरात काय दिसतं, हे आधी सांगते. थोडं अंगाचं गणित आहे. मोठं झालेलं मांजर साधारण चार किलोचं, म्हणजे महिना-दीड महिन्याच्या बाळाएवढं. त्याचं अंग आपल्यापेक्षा गरम, थर्मामीटर लावला तर १०१-१०२ दाखवेल. एवढं वजन आणि एवढी ऊब मांडीवर येऊन विसावली की हात आपोआप थोपटायला लागतो. तुमच्या आप्पांनी तुम्हाला थोपटलं नसेल, पण त्यांच्या हाताला थोपटणं ठाऊक होतं, हे आता तुम्ही पाहिलंत.

मग चेहरा. कोनराड लोरेन्झ नावाचे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ १९४३ साली लिहून गेले की मोठं डोकं, उंच कपाळ, मोठे डोळे, गुबगुबीत गाल असं काही दिसलं की माणसाच्या मनात लहान बाळाला पाहून येतो तसाच उमाळा येतो, मग समोर बाळ असो वा नसो. कुत्र्याचं तोंड सहसा पुढे निघालेलं असतं. मांजराचं आखूड, डोळे समोर रोखलेले, चेहरा गोल. आपला बोका कान फाटलेला, मारामाऱ्या करून आलेला गडी असला तरी चेहरा जन्मभर बाळाचाच. आप्पांनी नाव काय ठेवलं बघा.

आता आवाज. ठकी पहाटे साडेपाचला माझ्या छातीवर चढते. आधी नुसती घुरघुर, दोन गल्ल्या पलीकडे पिठाची गिरणी चालू असावी तशी. मग पुढचे पंजे आळीपाळीने माझ्या चादरीत रोवून कणीक मळल्यासारखं करते. लहानपणी आईचं दूध यावं म्हणून पिल्लं असंच करतात, ती सवय काही सुटत नाही. तरी मी डोळे उघडले नाहीत की त्या घुरघुरीत एक बारीक सूर मिसळतो. त्याला रडणं म्हणता येत नाही, पण तो चालू असताना पडून राहताही येत नाही. नवऱ्याच्या गजराला २३ वर्षं न उठलेली मी त्या सुराला उठते, वाटीत तिचं खाणं घालते आणि मगच माझा चहा टाकते.

इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या कॅरन मॅकोम्ब यांनाही त्यांचं मांजर असंच उठवायचं. बाईंनी चिडण्याऐवजी त्या आवाजाचा अभ्यास केला. परक्या माणसासमोर मांजर हा आवाज काढत नाही, म्हणून त्यांनी मालकांकडूनच रेकॉर्डिंग करवून घेतलं. २००९ साली त्यांचा निष्कर्ष छापून आला. भुकेच्या वेळच्या घुरघुरीत ३८० हर्ट्झच्या आसपासचा एक वरचा सूर असतो, आणि तान्ह्या बाळाच्या रडण्याची पट्टीही तिथलीच. ज्यांनी जन्मात मांजर पाळलं नव्हतं त्यांनाही ही घुरघुर जास्त निकडीची वाटली. तो सूर तेवढा कमी केला, की निकडही कमी झाली. म्हणजे बाळ्याने आप्पांना बरोबर ओळखलं आहे. तुम्ही लहान असताना रात्री रडलात की आई उठायची. आता रडणारा थेट आप्पांच्याच उशाशी असतो.

पण एवढ्याने तुमच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही, मला कळतं. तान्ही तर तुम्हीही होता.

तुमच्या आप्पांच्या पिढीत, विशेषतः एकत्र कुटुंबात, मोठ्यांसमोर स्वतःचं मूल उचलून घ्यायचं नाही अशी रीत होती. भावाचं मूल कडेवर चालायचं, आपलं घेतलं की "बायकोच्या मुठीत गेला". माझ्या वडिलांनी मला पहिल्यांदा उचललं ते आजोबा पंढरपूरला गेले तेव्हा, असं आई सांगायची. वीस-पंचवीस वर्षं आवळून धरलेला हात पुढे मोकळं आहे म्हणून सुटतोच असं नाही. शिवाय तुमचं काहीतरी व्हायचं होतं. तुमची दहावी, नोकरी, लग्न, हुंडा मागणारी स्थळं, हे सगळं तुम्हाला पाहिलं की त्यांच्या डोळ्यांपुढे येत असणार. बाळ्याचं काहीही व्हायचं नाही. तो नापास होत नाही, त्याच्यावरून कुणी आप्पांना बोल लावत नाही. मायेला बरोबर काळजी घेऊन यावं लागत नाही अशी ही जागा आप्पांना सत्तरीत सापडली.

आणखी एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बाळ्या स्वतः आला. झुरिचमध्ये डेनिस टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या घरी जाऊन माणूस आणि मांजर एकमेकांशी कसे वागतात ते टिपून ठेवलं. त्यांना दिसलं की मांजर आपणहून जवळ आलं तर ते बराच वेळ रमतं, माणूस उठून त्याच्याकडे गेला तर भेट लवकर आटपते. ज्याला जवळ जाता येत नाही अशा माणसाला हे किती सोयीचं आहे पाहा. नुसतं खुर्चीत बसून राहायचं. समोरून कुणीतरी येतं, चार घरं सोडून याच मांडीवर चढतं, आणि आपली निवड झाल्याचं सुख फुकटात मिळतं. कुत्रा सगळ्यांवर शेपूट हलवतो, त्यामुळे त्यात आपलं विशेष काही राहत नाही. (कुत्रेवाल्यांनी रागाची पत्रं पाठवू नयेत, मागची अजून वाचायची आहेत.)

जपानमध्ये अत्सुको साइतो यांनी २०१३ साली मांजरांना मालकाच्या आणि परक्यांच्या हाका ऐकवल्या. मालकाचा आवाज मांजरांना ओळखू आला. कान वळले, मान वळली. पण जागचं उठून फारसं कुणी आलं नाही. तुमचं पत्र वाचताना मला पेढ्यांचा तो पुडा सारखा दिसत होता. कारखान्यातून सुटून, सायकल वळवून, हलवायाच्या दुकानात उभं राहून आणलेला. कान वळला होता, ताई. उठून तुमच्याजवळ यायला हवं होतं हे तरीही खरंच, आणि त्याचा राग तुमच्यापाशी राहिला तर राहू दे.

पुढच्या खेपेला एक करून बघा. "आम्हाला का नाही घेतलं" हे आत्ता विचारू नका, ते गप्प होतील. बाळ्याचा कान कसा फाटला ते विचारा आणि शेजारची खुर्ची ओढून बसा. बोक्याविषयी बोलताना माणसं स्वतःविषयी बरंच बोलून जातात. आणि बाळ्याला दुधात पोळी कुस्करून देत असतील तर तेवढं थांबवायला सांगा. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, पोट बिघडतं. यावरून आप्पा तुमच्याशी वाद घालतील. घालू द्या.

प्रश्न : कुत्रा माणसाला जीव लावतो आणि मांजर घराला, असं सासूबाई म्हणतात. मांजर स्वार्थी असतं का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. मांजराचा पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातला रानमांजर, एकटा राहणारा, एकटा शिकार करणारा. कुत्र्याचा पूर्वज कळपातला लांडगा. कळपात दुसऱ्याची मर्जी राखावी लागते, एकट्याला आपला टापू राखावा लागतो. म्हणून घर बदललं की मांजर बिथरतं. नव्या घरात त्याला काही दिवस एकाच खोलीत, जुन्या अंथरुणासकट ठेवावं. माणसाजवळ ते आलं तेही बोलावण्यावरून नव्हे. शेती सुरू झाली, धान्य साठलं, उंदीर झाले, उंदरांमागे मांजर आलं. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे. त्या बेटावर रानमांजरं मुळात नव्हती, म्हणजे कुणीतरी होडीतून नेलं असणार. निव्वळ उंदरांसाठी पाळलेल्या जनावराला कुणी शेजारी निजवतं का, ते सासूबाईंना विचारा.

उरलेलं अर्धं चुकलं. अमेरिकेत ओरेगनमध्ये क्रिस्टिन व्हिटाली यांनी तान्ह्या मुलांसाठी वापरतात तीच परीक्षा मांजराच्या पिल्लांना दिली. परक्या खोलीत मालकासोबत दोन मिनिटं, मग दोन मिनिटं एकटं, मग मालक परत. २०१९ साली निष्कर्ष आला. सुमारे ६४ टक्के पिल्लं मालक दिसताच सावरली, जरा अंगाला घासली आणि पुन्हा खोली हुंगायला निघाली. माणसाच्या पोरांचं प्रमाणही जवळपास तेवढंच आहे. चिकटून बसण्यापेक्षा असं निर्धास्त निघून जाणं ही भरवशाची खूण मानतात. सासूबाईंना दिसते ती पाठ, म्हणून त्यांना तो स्वार्थ वाटतो.

तशी आपल्याकडे मांजराला जरा जास्तच बदनामी आली आहे. डोळे मिटून दूध पितं, आडवं जातं, शिंकं तुटायची वाट बघतं. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांच्या एका शाखेने मात्र देवाच्या कृपेला मांजरीचीच उपमा दिली. वानराचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. आणि मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत, हे तर सासूबाईच तुम्हाला कधी ना कधी म्हणाल्या असतील.

प्रश्न : मी पीजीत राहतो. जिन्याखाली एक भाटी येते. तिच्याशी बोलताना माझा आवाज आपोआप बोबडा होतो. रूममेट व्हिडिओ काढतात. हे नॉर्मल आहे का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : अगदी. पॅरिसमध्ये २०२२ साली १६ मांजरांवर हाच प्रयोग झाला. मालक लाडाच्या आवाजात बोलला की मांजरं थबकायची, कान टवकारायची. परक्या माणसाने तोच लाडिक आवाज काढला तर ढिम्म. तेव्हा पुढच्या वेळी रूममेटला बोबडं बोलायला लावा आणि व्हिडिओ तुम्ही काढा. तीही तुमच्यासाठी भाषा बदलतेच. मोठी झालेली मांजरं आपसात क्वचितच म्याव म्हणतात, तो शब्द मुख्यतः माणसांसाठी राखून ठेवलेला असतो.

तिच्याकडे पाहत डोळे हळूच बारीक करा, क्षणभर मिटा, उघडा. ससेक्सच्याच संशोधकांनी २०२० मध्ये पाहिलं की असं केल्यावर मांजरंही पुष्कळदा डोळे बारीक करून उत्तर देतात आणि परक्या माणसाजवळही यायला तयार होतात. मी ठकीवर करते. दहातून सहा वेळा जमतं. उरलेल्या चार वेळा ती जांभई देते. जिन्यात बसून सराव करा, फक्त घरमालकीणबाई वर-खाली करत असतील ती वेळ टाळा.