वडिलांचं बीपी आता नॉर्मल येतं, गोळ्या बंद करून काढा सुरू केला तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की वडील ६१ वर्षांचे आहेत, अँजिओग्राफीत हृदयाच्या एका नळीत ४० टक्के ब्लॉकेज निघालं, टेल्मिसार्टन (बीपीची गोळी) आणि रोसुव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) चालू आहे आणि बीपी आता १२६/८० येतं. म्हणून गोळ्या सोडून लसूण-आलं-लिंबाचा काढा द्यायचं घरात चाललंय.

कृपा करून गोळ्या बंद करू नका. मी नाशिकला सिडकोत मेडिकल चालवतो, हा प्रश्न काउंटरवर सारखा येतो. बीपी १२६ वर आलंय ते गोळी चालू आहे म्हणून. ती थांबवली की काही दिवसांत बीपी पुन्हा चढतं, आणि बहुतेकांना ते जाणवतही नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणजे सगळं ठीक, असं माणूस धरून चालतो.

ब्लॉकेज म्हणजे नळीत अडकलेला मळ नाही की काढ्याने धुऊन निघेल. चरबी रक्तवाहिनीच्या भिंतीत, अस्तराखाली साठते. तिच्यावर पापुद्रा असतो आणि वाढलेल्या बीपीचा मार त्या भिंतीवर सतत बसत राहतो. पापुद्रा फाटला की तिथे रक्ताची गुठळी होते आणि नळी बघता बघता बंद पडते. ४० टक्केच आहे ना, असं म्हणून निवांत राहू नका. कितीतरी अटॅक अशा मध्यम ब्लॉकेजवरच येतात. रोसुव्हास्टॅटिन एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरवतं आणि तो पापुद्रा मजबूत करतं. वडिलांसारख्यांचं एलडीएल ७० च्या खाली असावं असं डॉक्टर बघतात, कधी त्याहूनही कमी. लसूण भाजी-आमटीत खुशाल घाला, पण त्याने ही दोन्ही कामं होणार नाहीत.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे घरोघरी दुर्लक्ष होतं. गुडघे दुखले की लोक डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन मागायला येतात. त्याने बीपी वाढतं, आणि टेल्मिसार्टनसोबत रोज घेतलं तर किडनीवरही ताण येतो. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत फेनिलेफ्रिन असतं, तेही बीपी चढवतं. पाकिटावर ‘लो सोडियम’ लिहिलेल्या मिठात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन चालू असताना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. साधं मीठच कमी करा. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, चिवडा, मिसळीवरचं फरसाणही आलं. आपल्या नाशिककरांना हे जड जातं, मला माहीत आहे. तंबाखू, मशेरी, बिडी यांपैकी काही असेल तर ते मात्र पूर्ण बंद.

घरी बीपी बघताना आधी ५ मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसवा. अर्धा तास आधी चहा नको. दंड छातीच्या पातळीवर हवा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून वहीत लिहा. घरचं बीपी सतत १३५/८५ च्या वर येत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. काढा द्यायचाच असेल तर तोही त्यांना सांगा.

पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना छाती आवळल्यासारखी वाटली आणि थांबल्यावर बरं वाटलं, तर ते गॅसवर ढकलू नका, त्याच आठवड्यात दाखवा. बसल्या जागी छातीत दाब आला, घाम फुटला, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, तर लगेच १०८ ला फोन करा, सकाळ होण्याची वाट बघू नका.