आठ मतांचा फुटबॉल

फुटबॉलमध्ये गोलकीनं, म्हणजे गोलकीपरनं, बॉल हातात आठ सेकंदांच्या वर धरायचा नाही असा नवा नियम आलाय, त्यावर मागच्या अंकात चार ओळी लिहिल्या होत्या. कुस्तीच्या जिल्ह्यात फुटबॉलवर कोण कशाला विचारतंय म्हणून मी निवांत होतो, तर पत्रांची ही चळतच आली. बहुतेकांचा सूर एकच, की हे नियम सारखे बदलतंय कोण आणि आम्हाला न विचारता का. त्यातली थोडी घेतोय.

सर, तुम्ही लिहिलं की नियम एकटी फिफा बदलत नाही. मग कोण बदलतं? जगाचा फुटबॉल तर फिफाच चालवते ना?
(कॉलेजच्या टीमचा हाफ, मिरज)

चालवते, पण नियमांचं पुस्तक तिच्या एकटीच्या खिशात नाही. त्यासाठी इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड म्हणून वेगळं मंडळ आहे, सगळे त्याला आयफॅब म्हणतात. हे मंडळ १८८६ चं आणि फिफा १९०४ ची, म्हणजे नियमवाली थोरली आणि कारभारवाली धाकटी. झालं असं की इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड, चौघांचे नियम थोडे थोडे वेगळे, मग आपापसात मॅच लावली की आधी कुणाच्या नियमानं खेळायचं ह्याच्यावरच वाद, शेवटी चौघांनी लंडनला बसून हे मंडळ काढलं. फिफा त्यात आली १९१३ मध्ये. क्रिकेट बघत असशील तर तिथंही असलाच प्रकार आहे, नियम लंडनच्या एमसीसी ह्या क्लबकडं आणि स्पर्धांच्या अटी आयसीसीकडं.

आता मतांचा हिशेब. एकूण मतं आठ. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, नॉर्दर्न आयर्लंड ह्यांचं प्रत्येकी एक आणि फिफाची चार. ही मांडणी १९५८ पासूनची. बदल पास व्हायला आठातली सहा लागतात. म्हणजे फिफानं आपली चारही टाकली तरी अजून दोघांना पटवावं लागतं, आणि ते चौघं एक झाले तरी फिफाशिवाय त्यांचं काही चालत नाही. फिफाचे सदस्य २११, त्यातले हे चार वगळले तर ब्राझील, अर्जेंटिना, जर्मनी आणि आपण, सगळे मिळून त्या चार मतांत. वेल्सला अख्खं एक मत आणि ब्राझीलला चिमूटभर वाटा. आपल्याकडं साखर कारखान्याच्या सभेत असं कुणी सुचवलं असतं तर माईक हिसकावून घेतला असता.

पण खरं सांगू का, मला ह्याचा फारसा राग येत नाही. सहा मतांच्या अटीमुळं कुणालाच एका रात्रीत खेळ उलटापालटा करता येत नाही. २०१७ मध्ये फिफाचा तेव्हाचा तांत्रिक प्रमुख मार्को व्हॅन बास्टेन चक्क ऑफसाईडच, म्हणजे पास येताना स्ट्रायकरनं डिफेंडरच्या पुढं असायचं नाही हा नियमच, काढून टाकायचा विचार मांडत होता, स्वतः एवढा मोठा स्ट्रायकर, त्याला ते गोड वाटणारच! पुढं त्याचं काही झालं नाही. मंडळाची मोठी सभा दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्याच्या आधी कामकाजाची एक बैठक, मधे ट्रायल, आणि पास झालेला बदल साधारण १ जुलैपासून लागू. सगळं सावकाश. नियमाच्या बाबतीत सावकाश मला चालतं.

काका, मी गोलकी आहे. आठ सेकंदांत बॉल सोडायचा आणि नाही सोडला तर कॉर्नर, हा आमच्यावर अन्याय नाही का? आणि माझ्यासारख्यानं सांगलीतून ह्याच्या विरोधात काही पाठवलं तर कोण वाचणार आहे का?
(इयत्ता दहावी, सांगली)

आधी दुसरा प्रश्न घेतो, तो मला जास्त आवडला. पाठव की. आयफॅब सूचना मागवतं, कुणीही पाठवाव्यात असं पुस्तकातच म्हणतं. ठराव म्हणून सभेपुढं यायचं तर मोठ्या संघटनांमार्फतच यावं लागतं हे खरं, तरी तुला एका गोलकीची गोष्ट सांगतो.

आयर्लंडमधल्या आर्मा परगण्यात मिलफर्ड म्हणून छोटं गाव. तिथल्या लिननच्या गिरणीमालकाचा मुलगा विल्यम मॅकक्रम गावच्या टीमचा गोलकी. टीम अशी की आयर्लंडच्या पहिल्या लीगमध्ये, १८९०-९१ ला, सगळ्या मॅच हरली. सगळ्या! आता एवढे गोल खाल्लेला माणूस पोस्टमध्ये उभा राहून काय बघत असेल, तर समोरचा गोल मारणार एवढ्यात डिफेंडर त्याला सरळ आडवा पाडतो किंवा हातानं बॉल अडवतो आणि शिक्षा काय तर साधी फ्री किक, पुढं सगळी टीम भिंत करून उभी. त्यानं सुचवलं की गोलजवळ असं केलं तर समोर फक्त गोलकी ठेवून एक फटका द्या. आयरिश संघटनेनं ते मंडळात नेलं तर आधी लोकांनी टिंगल केली, सभ्य माणसं मुद्दाम फाऊल करतात असं नियमात लिहायचं म्हणजे खेळाडूंचा अपमान, असं मोठ्या घरच्या पोरांच्या क्लबांचं म्हणणं. मग फेब्रुवारी १८९१ मध्ये इंग्लंडच्या एफए कपच्या मॅचमध्ये नॉट्स काउंटीच्या डिफेंडरनं शेवटी शेवटी गोललाईनवर हातानं बॉल अडवला, समोरच्या स्टोक टीमला फ्री किक मिळाली, गोल झाला नाही, आणि स्टोक बाहेर. जूनमध्ये पेनल्टी पास. आज जगात जिथं जिथं पेनल्टी मारतात तिथं ह्या हरणाऱ्या गोलकीचं डोकं आहे, आणि गंमत म्हणजे गोलकीनंच गोलकींच्या डोक्यावर हे आणून ठेवलंय.

आता तुझे आठ सेकंद. आधी सहाच होते बाळा, तू मोजले नाहीस एवढंच, आणि रेफरींनीही मोजले नाहीत. कारण सहा सेकंद झाले म्हणून गोलपुढच्या बॉक्समध्ये इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यातून थेट गोल धरत नाहीत) द्यायची म्हणजे सहा-सात यार्डांवर अकरा जणांची गर्दी, ढकलाढकली, मॅचला आग लावण्यासारखंच, म्हणून सगळे डोळेझाक करायचे. मग १ मार्च २०२५ ला बेलफास्टच्या सभेत वेळ दोन सेकंद वाढवली आणि शिक्षा बदलून कॉर्नर केली. त्याच्या आधी इंग्लंडच्या ज्युनिअर लीगमध्ये आणि माल्टात करून बघितलं. रेफरी शेवटचे पाच सेकंद हात वर करून बोटांनी दाखवतो, म्हणजे तुला कळत नाही असं नाही. अन्याय बिन्याय काही नाही, एक गोलनं पुढं असताना बॉल छातीला धरून पोटावर झोपणारे गोलकी मी तीस वर्षं बघतोय.

नमस्कार. ऑफसाईडबद्दल व्हेंगर यांचा प्रस्ताव पास झाला तर स्ट्रायकरना फायदा होईल असं सगळे म्हणतात. आपलं मत काय?
(क्रीडाशिक्षक, विटा)

नमस्कार सर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आत्ता डोकं, धड किंवा पाय, ह्यातला कुठलाही भाग बॉलच्या आणि शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या पुढं असला तर ऑफसाईड, त्यामुळं व्हीएआरमध्ये, म्हणजे व्हिडिओवर बघणाऱ्या रेफरीकडं, रेघा मारून कुणाचं गुडघ्याचं टोक पुढं, कुणाच्या बुटाचं टोक पुढं, हे बघत बसतात. आर्सेन व्हेंगर, जे आता फिफात आहेत, म्हणतात उलटं करा, गोल मारता येईल असा एक जरी भाग डिफेंडरच्या रेषेत असला तरी ऑनसाईड धरा. म्हणजे दोघांच्या मधून उजेड दिसला तरच ऑफसाईड. ज्युनिअर लेव्हलवर ट्रायलही झाल्यात.

स्ट्रायकरला फायदा होईल असं मलाही वाटतं, पहिली दोन वर्षं. पुढचं सांगायला १९२५ आठवावं लागतं. तोपर्यंत स्ट्रायकर आणि गोललाईनच्या मधे तीन जण लागायचे, मंडळानं ते दोन केले. इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये आदल्या सीझनला ११९२ गोल झाले होते, नियम बदलल्यावर १७०३. लोक खूश. आणि मग आर्सेनलचा कोच हर्बर्ट चॅपमननं काय केलं, मधला हाफ, म्हणजे मैदानाच्या मधे खेळणारा, काढून मागं डिफेन्समध्ये नेऊन उभा केला, बाकीच्यांनी बघून तेच केलं. आपल्याकडं अजून त्या जागेला सेंटर हाफ म्हणतात ना, खेळतो मागं आणि नाव हाफ, ते नाव तिथून राहिलंय. तसंच उद्या हा नियम आला तर कोच डिफेन्सची लाईन वीस पावलं मागं नेतील, बॉक्सपुढं दहा जण उभे करतील, आणि आपण म्हणू गेला कुठं तो अटॅकिंग फुटबॉल.

दुसरं म्हणजे रेघ मारायची ती मारावीच लागणार, फक्त जागा बदलेल. आत्ता बोटभर पुढं होता का बघतात, उद्या बोटभर चिकटून होता का बघतील. आणि आपल्या ग्राउंडवर तर लाईन्समन म्हणजे समोरच्या टीमचा बसलेला सब, त्याला हातात रुमाल देऊन उभं केलेलं, त्याला तुम्ही उजेड दिसला का विचारणार? टीव्हीवरच्या अडचणीसाठी काढलेला उपाय इथं लागू करायचा म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा येतो. बॉल रेषेच्या आत गेला का ते सांगणारी गोल-लाईन टेक्नॉलॉजी आली तेव्हा असं वाटलं नव्हतं, २०१० च्या वर्ल्डकपला इंग्लंडच्या लॅम्पार्डचा जर्मनीविरुद्धचा गोल आत पडलेला सगळ्या जगानं बघितला आणि दिला नाही, मग २०१२ ला ती मंजूर केली, ती परवडेल तो बसवेल, आपला नियम तोच राहिला. हे तसं नाही, हा नियमच बदलतोय.

निळं कार्ड आलं का नाही? आमच्यात पैज लागलीय.
(चहाच्या टपरीवरचे चौघं, कराड)

नाही आलं. २०२४ च्या सुरुवातीला बातमी फुटली होती की दहा मिनिटं बाहेर बसवायला निळं कार्ड देणार, मार्चमध्ये स्कॉटलंडला सभा झाली, फिफा अध्यक्ष इन्फान्टिनोंनी आधीच नाही म्हणून सांगितलं, विषय तिथंच संपला. दहा मिनिटं बाहेर बसवणं मात्र खालच्या लेव्हलच्या फुटबॉलमध्ये चालतं, इंग्लंडमध्ये रेफरीला उलट बोलल्याबद्दल पिवळं कार्ड दाखवून बसवतात. पैज जो जिंकला त्यानं चहा पाजावा, हरलेल्याला आधीच वाईट वाटलेलं असतं.

माझा मुलगा बारा वर्षांचा. मे महिन्यात दुपारी चारला मॅच लावतात, पाणी प्यायला थांबवा म्हटलं तर संयोजक म्हणतात नियमात नाही. खरंच नाही का?
(एक आई, तासगाव)

ताई, नियमात आहे, त्यांनी वाचलेलं नाही. सातव्या नियमात खेळाच्या वेळेबद्दल लिहिलंय, तिथंच पाण्याचा ब्रेक एक मिनिटापर्यंत आणि उन्हाचा कूलिंग ब्रेक दीड ते तीन मिनिटं घेता येतो असं आहे, स्पर्धेच्या नियमात तेवढं लिहून घ्यायचं आणि वेळ शेवटी वाढवून द्यायची. लहान मुलांसाठी त्याहून बरंच काही करता येतं, ग्राउंड लहान, गोल लहान, बॉल लहान, वेळ कमी, बाहेर गेलेल्या मुलाला परत आत घेणं, हे सगळं आयफॅबनं संघटनांवर सोपवलंय. एवढी मोकळीक असताना बारा वर्षांच्या पोरांना मोठ्यांच्या गोलमध्ये उभं करून वरून चिप मारून गोल करायचे, ह्यात काय फुटबॉल आहे मला कळत नाही. आणि मॅच सहाला लावा म्हणावं, त्याला तर कुठलाच नियम लागत नाही.

सर, तुमचा तो गोलकिकचा किस्सा खरा आहे का?
(नाव देत नाही, तुम्ही ओळखाल)

ओळखलं. खरा आहे. २०१९ मध्ये गोलकिकचा नियम बदलला, बॉल बॉक्सच्या बाहेर जायची गरज नाही, किक मारून हलला की खेळ चालू. मी मॅचला रेफरी आणि मला पत्ताच नाही. पोरांनी बॉक्समध्येच शॉर्ट पास दिला, मी शिट्टी मारून परत घ्यायला लावली, परत तसंच, परत शिट्टी. तिसऱ्या वेळी पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा बाहेर धावत गेला, बॅगेतनं मोबाईल आणला आणि नियमाचं पान माझ्या नाकासमोर धरलं, तेही इतकं अदबीनं, की सर तुम्ही म्हणाल तसं करू पण हे एकदा बघा. मैदानावर मोबाईल आणला म्हणून त्याला कार्ड दाखवता आलं असतं, दाखवलं नाही. तेव्हापासून जुलै आला की मी नवीन पुस्तक डाउनलोड करून वाचतो. आठ मतांनी काय ठरवलंय ते त्या पोराच्या आधी मला माहीत पाहिजे.

आमच्या गावच्या स्पर्धेत फायनल बरोबरीत सुटली, अंधार पडला, टायब्रेकर घेता येईना, मग नाणं उडवून कप दिला. हरलेली टीम म्हणते असं जगात कुठं होत नाही.
(संयोजक, वाई)

झालंय की! १९६८ च्या युरो कपच्या सेमीफायनलला, नेपल्समध्ये, इटली आणि सोव्हिएत युनियन शून्य-शून्य, जादा वेळ संपला, मग नाणं. इटली फायनलला गेली आणि कपही जिंकली. पण त्याच्यानंतर दोन वर्षांत, १९७० ला, आयफॅबनं टायब्रेकर, म्हणजे पेनल्टी मारून निकाल लावणं, नियमात घेतला, नाण्यावर कप द्यायला कुणालाच बरं वाटेना म्हणूनच. तेव्हा हरलेल्या टीमला एवढंच सांगा की झालं होतं, पण तुमची तक्रार बरोबर आहे. आणि पुढच्या वर्षी फायनल तासभर आधी चालू करा, बक्षीस समारंभाच्या पाहुण्यांची वाट बघत बसू नका, अंधार पडायचं खरं कारण तेच असतं.