जुना लेथ साफ करताना आधी पॉलिश पेपर बाजूला ठेवा

लेथ म्हणजे धातू कातायचं यंत्र. त्याच्या बेडवरच्या (खालच्या लांब रुळांवरच्या) गंजाला पॉलिश पेपर लावू नका. पेपरचे कण कॅरेजखाली (बेडवर सरकणाऱ्या, हत्यार धरणाऱ्या भागाखाली) अडकतात आणि मग प्रत्येक फेरीत बेड झिजत राहतो. रॉकेल किंवा पातळ तेल लावून रात्रभर ठेवा, दाढीचं ब्लेड जवळजवळ आडवं धरून खरवडा. गंज सुटतो, बेडचं बीड (ओतीव लोखंड) शाबूत राहतं. कॉम्प्रेसरची हवाही नको, बुरा (धातूचा कीस) आत घुसतो. ब्रश आणि चिंधी पुरे.

क्रॉस स्लाइड (कॅरेजवरचा आडवा सरकणारा भाग) खोलताना गिबच्या (सैलपणा काढणाऱ्या पट्टीच्या) दिशेची खूण करा, निमुळती गिब उलटी बसली तर स्लाइड जाम होते.

हेडस्टॉक (फिरणाऱ्या स्पिंडलची, म्हणजे मुख्य दांड्याची पेटी) मात्र उगाच उघडू नका! स्पिंडलच्या आतल्या टेपरला (निमुळत्या भोकाला) डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) लावून स्पिंडल हाताने फिरवा. काट्याची हालचाल ०.०२ मिमीच्या आत असेल आणि फिरताना खरखर नसेल, तर बेअरिंगं तशीच राहू द्या. शेवटी बेडला ६८ ग्रेडचं (ग्रेड म्हणजे तेलाचा दाटपणा) स्लाइडवे ऑइल. ग्रीस लावलंत तर बुरा चिकटेल.