बोअरच्या पाण्यात गॅस येतो कुठून?

प्रश्न : ऐरोलीत आमची सोसायटी खाडीलगत आहे. बोअरच्या पाण्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, बुडबुडेही दिसतात. गॅसच्या ड्रिलिंगमुळे अमेरिकेत नळाचं पाणी पेटल्याचं वाचलं. उरणच्या गॅस प्रकल्पामुळे इथेही तसंच झालं असेल का?

उत्तर : नाही. उरणला येणारा गॅस समुद्रातल्या विहिरींचा. त्यातलं मुंबई हाय हे तेल-वायू क्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत आहे.

अमेरिकेतली भीती मात्र खरी आहे. पेनसिल्व्हेनियातल्या डिमॉकमध्ये १ जानेवारी २००९ रोजी पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत स्फोट झाला. गॅसच्या विहिरीचं केसिंग (आत बसवलेला पाइप) आणि खडक यांच्यामधलं सिमेंट कच्चं राहिलं, की खोलातला मिथेन (नैसर्गिक गॅसचा मुख्य घटक) त्या फटीतून चढतो आणि वरच्या पाण्यात शिरतो.

तुमचा वास मिथेनचा नाही, मिथेनला वास नसतो. हा हायड्रोजन सल्फाइड. खाडीच्या चिखलातले जिवाणू खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटपासून तो बनवतात. पण त्याच चिखलात मिथेनही तयार होतो, म्हणून बुडबुड्यांकडे काणाडोळा नको. पाण्याची पातळी उतरल्यावर पंप हवा ओढतो, तेव्हाही बुडबुडे येतात. काडी पेटवून मात्र बघू नका. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला तर ठिणगीही पुरते. पंपाच्या खोलीत वारा खेळता ठेवा. पंप खड्ड्यात असेल तर कुणालाही खाली उतरवू नका, कारण सल्फाइड वाढला की नाक बधिर होतं आणि वासच कळत नाही.

तपासणीसाठी बाटली काठोकाठ भरा, आत एकही बुडबुडा नको, आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत द्या. मिथेन, इथेन, सल्फाइड, क्लोराइड, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) एवढं तपासायला सांगा. इथेन बऱ्यापैकी निघाला तर गॅस खोलातला किंवा पाइपलाइनचा. नुसता मिथेन असेल तर बहुधा चिखलातला. पिण्याच्या पाण्यात सल्फाइडची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. मिथेनसाठी अमेरिकेत १० मिलिग्रॅमच्या पुढे लक्ष ठेवतात, २८ च्या वर तातडीने उपाय करतात. अहवाल येईपर्यंत हे पाणी फक्त फ्लशला वापरा.

वासावर क्लोरिनचा डोस द्या. सहा इंची बोअरमध्ये मीटरला सुमारे १८ लिटर पाणी असतं. ६० मीटर पाणी असेल तर १६५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर (३३ टक्के क्लोरिनची) बादलीत कालवा, निवळी बोअरमध्ये ओता आणि १२ तास पंप बंद ठेवा. मग क्लोरिनचा वास जाईपर्यंत पाणी उपसून टाका, टाकीत घेऊ नका. आठवडाभरात कुजका वास परतला तर केसिंगभोवतीच्या फटीतून खाडीचं पाणी उतरत असण्याची शक्यता मोठी. मग बोअरवाल्याकडून ती फट कातळापर्यंत सिमेंटने भरून घ्या.